व्हीआरमध्ये चाल वळवली, पण माणसाला ते कळलं का? जाणिवेचा उंबरठा मोजायची पद्धत, टप्प्याटप्प्यानं

व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा हेडसेट घातलेला माणूस आपण सरळ चाललो आहोत असं समजतो आणि खोलीत मात्र तो एका मोठ्या वर्तुळाच्या कडेनं वळत असतो. या युक्तीला रीडायरेक्टेड वॉकिंग म्हणतात. तिचं कोड दोन दिवसांत लिहून होतं. किती वळवलं तर माणसाला कळत नाही, ही मर्यादा म्हणजे जाणिवेचा उंबरठा, आणि तो मोजणं मात्र कष्टाचं काम आहे. विद्यार्थी, गेम बनवणारे, प्रशिक्षणाचे सिम्युलेटर करणारे असे अनेक जण ते मोजायला बसतात आणि त्याच त्या ठिकाणी चुकतात. आकडा मिळतो, आलेखही देखणा निघतो. पण तो आकडा खोलीतल्या पंख्याच्या आवाजाचा असतो, नाहीतर केबलच्या ताणाचा, नाहीतर सहभागी व्यक्तीला उलटा समजलेल्या प्रश्नाचा.

दुसरी चूक म्हणजे मोजायचंच नाही आणि प्रसिद्ध आकडे उचलायचे. फ्रँक श्टाइनिके आणि सहकाऱ्यांचा २०१० सालचा अभ्यास सगळ्यात जास्त वापरला जातो. त्यात वक्र वाटेसाठी किमान २२ मीटर त्रिज्या निघाली, म्हणजे याहून लहान वर्तुळावर वळवलं तर माणसाला कळतं. २०१६ मध्ये टिमोफी ग्रेच्किन आणि सहकाऱ्यांनी तेच पुन्हा मोजलं, तेव्हा अंदाज काढण्याच्या पद्धतीनुसार ११.६ मीटर आणि ६.४ मीटर असे आकडे आले. माणसांचे कान तसेच, डोळे तसेच, तरी आकडा तिपटीहून जास्त बदलला. उंबरठा यंत्र, खोली, चाल आणि विचारलेला प्रश्न या सगळ्यांवर मिळून ठरतो. म्हणून तो आपल्या खोलीत, आपल्या हेडसेटवर मोजावा लागतो.

## टप्पा १ : काय मोजणार ते ठरवा आणि गुणोत्तराची दिशा लिहून ठेवा

चालीत तीन प्रकारे फेरफार करता येतो. फेरफार किती, त्या प्रमाणाला गेन म्हणतात.

अंतराचा गेन: प्रत्यक्ष १ मीटर चाललं की आभासी जगात किती मीटर पुढं जायचं.

वळणाचा गेन: जागेवर उभं राहून शरीर जितकं वळलं, त्याच्या किती पट आभासी दृश्य वळायचं.

वक्रतेचा गेन: आभासी वाट सरळ, पण दृश्य हळूहळू फिरत राहतं. लक्ष्य समोर ठेवण्याच्या प्रयत्नात माणूस नकळत वळत चालतो.

एका प्रयोगात यातला एकच घ्या. तिन्ही एकत्र मोजायला गेलात तर फेऱ्यांची संख्या हाताबाहेर जाते आणि माणूस दमतो.

आता गुणोत्तर. रूढ व्याख्येत अंतराचा आणि वळणाचा गेन म्हणजे आभासी भागिले प्रत्यक्ष. २०१० च्या त्याच अभ्यासात वळणाचे उंबरठे ०.६७ आणि १.२४ आले. हीच गोष्ट शब्दांत सांगताना, आभासी वळणापेक्षा माणसाला प्रत्यक्षात ४९ टक्के जास्त किंवा २० टक्के कमी वळवता येतं, अशी सांगितली गेली. दोन्ही बरोबर आहेत, कारण ०.६७ चा व्यस्त साधारण १.४९ येतो. पण ४९ टक्के वाचून कोडमध्ये १.४९ गेन टाकणारे मी पाहिले आहेत. त्यांनी दिशा उलटी केली आणि उंबरठ्याच्या बऱ्याच पुढं गेले.

तपासा: कागदावर एक उदाहरण सोडवा. गेन १.२४ असताना आभासी ९० अंश वळायला शरीर सुमारे ७३ अंश वळेल, गेन ०.६७ असताना सुमारे १३४ अंश. तुमचं कोड हेच देतंय का ते नोंदीत पाहा.

वक्रतेसाठी पातळ्या निवडताना आणखी एक घोळ होतो. ५, १०, १५, २० मीटर अशा त्रिज्या समान अंतरावर वाटतात, पण त्या तशा नाहीत. माणसाला जाणवतं ते दर मीटरमागं किती वळलो हे, आणि ते त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतं. ५७.३ भागिले त्रिज्या केलं की दर मीटरला अंश मिळतात: २२ मीटरला २.६, ११.६ मीटरला ४.९, ६.४ मीटरला जवळपास ९. पातळ्या या अंशांत समान अंतरावर ठेवा. त्रिज्येत मोजलं तर सरळ रेषा अनंतावर जाते आणि आलेखाला शून्यच उरत नाही.

## टप्पा २ : कोड लिहा, पण आधी डोक्याची हालचाल समजून घ्या

गेन लावायचा तो दोन फ्रेममधल्या डोक्याच्या स्थानातल्या फरकाला, डोक्याच्या एकूण स्थानाला नव्हे. एवढं बहुतेकांना माहीत असतं. चुका पुढं सुरू होतात.

चालताना डोकं सरळ रेषेत जात नाही. प्रत्येक पावलाला ते थोडं वर-खाली आणि डावी-उजवीकडं हलतं. अंतराचा गेन तिन्ही अक्षांना लावला तर ही डोलणंही वाढतात किंवा घटतात, आणि माणूस अंतरावरून नव्हे तर डोलण्यावरून फेरफार ओळखतो. गेन फक्त चालण्याच्या दिशेला लावा. ती दिशा नजरेवरून घेऊ नका, कारण माणूस चालता चालता बाजूला बघतो. डोक्याच्या स्थानाची साधारण एका पावलाच्या वेळेइतकी सरासरी काढून दिशा ठरवा.

वळणाचा गेन फक्त उभ्या अक्षाभोवती. मान वर-खाली करण्याला किंवा खांद्याकडं कलण्याला हात लावायचा नाही.

दृश्य कशाभोवती फिरवता हे सगळ्यात महत्त्वाचं. ते माणसाच्या डोक्यातून जाणाऱ्या उभ्या अक्षाभोवतीच फिरलं पाहिजे. ट्रॅकिंगच्या, म्हणजे हेडसेटचं स्थान टिपणाऱ्या यंत्रणेच्या, मूळबिंदूभोवती फिरवलं तर खोलीच्या मध्यावर उभ्या माणसाला फरक दिसत नाही, पण कडेला उभ्या माणसाचं जग वळता वळता बाजूला सरकतं. चाचणी नेहमी खोलीच्या मध्यावरच घेतली जाते, म्हणून ही चूक आठवडेच्या आठवडे लपून राहते.

वक्रतेचं फिरणं चाललेल्या अंतराला बांधा, घड्याळाला नको. घड्याळाला बांधलं तर माणूस थांबला तरी जग फिरतच राहतं, आणि थांबलेल्या माणसाला ते चटकन कळतं.

फिरणं एकदम सुरू करू नका. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना फिरण्याच्या वेगातला बदल जाणवतो. एकसारखं फिरत राहिलं तर त्यांचा संदेश काही सेकंदांत विरत जातो. उंबरठा मोजायचा आहे तो वक्र चालीचा, सुरुवातीच्या हिसक्याचा नाही. पहिले २ मीटर गेनशिवाय चालू द्या, मग हळूहळू चढवा. शून्यातून चाल पकडताना शरीर तसंही जास्त सावध असतं.

तपासा, या तीन गोष्टी या क्रमानं:

१. गेन १ आणि वक्रता शून्य ठेवून चाला. नोंदीतलं प्रत्यक्ष आणि आभासी अंतर तंतोतंत सारखं हवं.

२. वक्रता जास्तीत जास्त ठेवून एका जागी उभे राहा आणि फक्त मान फिरवा. जग तसूभरही हलता कामा नये.

३. वळणाचा मोठा गेन ठेवून खोलीच्या कोपऱ्यात जागेवर गोल फिरा. पायाखालची आभासी खूण पायाखालीच राहायला हवी.

## टप्पा ३ : खोली तयार करा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

आधी माप. वक्र वाटेत माणूस बाजूला किती सरकेल ते काढायचं सूत्र असं: त्रिज्या × (१ − कोसाइन (अंतर ÷ त्रिज्या)), कोन रेडियनमध्ये. ५ मीटर चालीला २२ मीटर त्रिज्येवर माणूस ५७ सेंटिमीटर सरकतो, ११.६ वर एक मीटरपेक्षा थोडं जास्त म्हणजे १.०६ मीटर, ६.४ वर १.८६ मीटर आणि ५ वर २.३ मीटर. उंबरठा मोजायचा तर उंबरठ्याच्या पलीकडच्या, सहज कळणाऱ्या पातळ्याही चालवाव्या लागतात, आणि त्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना. म्हणजे ५ मीटर त्रिज्येपर्यंत जायचं तर नुसती वाट ४.६ मीटर रुंदी मागते. दोन्हीकडं १ मीटर सुरक्षित जागा धरली की ६.६ मीटर. जागा कमी असेल तर चालीचं अंतर कमी करा. तीव्र पातळ्या वगळू नका, नाहीतर टप्पा ८ मध्ये उत्तरांवरून काढायची वक्ररेषा अर्धवट राहील.

आता गळती. खोलीची दिशा माणसाला ज्या ज्या गोष्टीवरून कळते, ती प्रत्येक गोष्ट तुमचा उंबरठा खोटा करते.

आवाज: संगणकाचा पंखा, वातानुकूलन, रस्ता, कोपऱ्यात बसून सूचना देणारा माणूस. आवाज आधी उजव्या कानात होता आणि आता मागं गेला, एवढं मेंदूला पुरतं. मी पहिल्यांदा वक्रता मोजली तेव्हा माझे सहभागी कमालीचे तल्लख निघाले. तीन दिवसांनी एकानं सहज सांगितलं, "तो घुं घुं आवाज कुठं सरकतो ते मी बघत होतो." ती सगळी माहिती टाकून द्यावी लागली. तेव्हापासून हेडफोनमध्ये एकसारखा खळखळाट वाजवतो आणि सूचनाही त्याच हेडफोनमधून, दोन्ही कानांत सारख्या देतो.

केबल: तिचा ताण सतत सांगत राहतो की संगणक कोणत्या बाजूला आहे. बिनतारी हेडसेट घ्या. तसा नसेल तर पाठीवर बांधायचा संगणक वापरा. तेही जमलं नाही तर एका सहकाऱ्यानं केबल सैल धरून माणसाच्या बरोबर मागून चालायचं.

नाकाजवळची फट: तिथून जमीन दिसते. जमिनीवर फरशांच्या रेषा असतील तर माणूस वाट मोजतो. काळं कापड लावून फट बंद करा.

पाय: फरशीचे सांधे, गालिच्याची कड, खोलीचा उतार पायाला कळतो. एकसंध सपाट पृष्ठभाग हवा.

ऊन, दिव्याची ऊब, वाऱ्याची झुळूक: चेहऱ्याच्या एका बाजूला जाणवली तरी दिशा कळते.

हेडसेटची स्वतःची सुरक्षारेषा: भिंत जवळ आली की ती जाळी दाखवते आणि खोली कशी आहे ते सांगून टाकते. मोजणीच्या वेळी ती बंद ठेवावी लागते.

सावधान: सुरक्षारेषा बंद केली की एक माणूस सतत सहभागीच्या हाताच्या अंतरावर चालला पाहिजे, दुसरं कोणतंही काम न करता. संगणकावर नजर ठेवणारा वेगळा हवा. कोडमध्येही भिंतीपासून ठरावीक अंतरावर पडदा काळा करून हेडफोनमधून "थांबा" म्हणणारी सोय ठेवा.

शेवटी ट्रॅकिंग. टेपनं ५ मीटर रेषा आखा, हेडसेट हातात धरून तिच्यावरून न्या आणि नोंद बघा. ५.१५ मीटर आलं तर तुमच्या यंत्रातच ३ टक्के गेन आहे, आणि तो प्रत्येक निकालात मिसळणार. कॅमेऱ्यावर चालणारी हेडसेट कोऱ्या भिंतींच्या खोलीत अंदाज चुकतात आणि मध्येच स्थान दुरुस्त करताना दृश्य टुणकन हलतं. भिंतींवर चित्रं, पट्ट्या लावा आणि दहा-बारा कोऱ्या फेऱ्या चालून अशी उडी येते का पाहा. डोळ्यांतलं अंतर प्रत्येक सहभागीसाठी नव्यानं जुळवा, ते चुकलं की अंतराचा अंदाजही बिघडतो.

## टप्पा ४ : दृश्य आणि काम ठरवा

लक्ष्य नेहमी ५ आभासी मीटरवर ठेवलंत तर हुशार माणूस पावलं मोजतो. सहा पावलांत पोचलो म्हणजे गेन जास्त, आठ लागली म्हणजे कमी. मग चालीची जाणीव बाजूला राहून मोजदाद सुरू होते. लक्ष्याचं अंतर फेरीगणिक थोडं बदला. वळणाच्या प्रयोगात कोन बदलता ठेवा, नाहीतर ९० अंश म्हणजे शरीर किती वळतं ते दोन फेऱ्यांत पाठ होतं.

पुढं पुढं सरकणारा गोळा दाखवून वेग सारखा ठेवायची कल्पना चांगली वाटते, पण अंतराच्या प्रयोगात ती घातक आहे. गोळा आभासी वेगानं गेला तर गेन वाढवताच पाय मंदावावे लागतात आणि गुपित फुटतं. वेग सरावात शिकवा आणि प्रत्येक फेरीत नोंदवा. वेगाची नोंद टाळू नका: सावकाश चालणाऱ्या माणसाला वक्रता कमी जाणवते, हे २०१२ सालीच मोजून दाखवलं गेलं आहे.

दृश्यात पायाजवळ पुरेशी पोतदार जमीन हवी, म्हणजे डोळ्यांना सरकण्याचा वेग मिळतो. रिकाम्या करड्या पोकळीत मोजलेला उंबरठा भरलेल्या दृश्याला लागू पडत नाही.

## टप्पा ५ : प्रश्न घडवा

इथं तीन रस्ते आहेत आणि ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

"काही वेगळं जाणवलं का?" हा हो-नाही प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा. बिचकणारा माणूस पूर्ण खात्री असल्याशिवाय हो म्हणत नाही, उत्साही माणूस शंकेलाही हो म्हणतो. तुम्हाला जाणीव मोजायची होती, हातात स्वभाव येतो.

दुसरा रस्ता दोनातून एक निवडायला लावण्याचा, "आभासी अंतर तुमच्या पायांनी कापलेल्या अंतरापेक्षा जास्त होतं की कमी?" सारखंच होतं, असं उत्तर द्यायची सोय ठेवायची नाही. कळलं नाही तर अंदाज करायचा. अंदाजाची फेरी वाया जात नाही, कळत नाही म्हणजे काय ते तिच्यावरूनच दिसतं.

तिसरा रस्ता दोन चाली देण्याचा, एक साधी आणि एक फेरफार केलेली. कोणती फेरफार केलेली, ते सांगायचं. स्वभावाचा परिणाम यात सगळ्यात कमी, पण चालणं दुप्पट.

मी बहुतेक वेळा दुसरा रस्ता घेतो. त्यात उत्तराची दिशा उलटण्याचा धोका मोठा आहे. गेन १.३ असताना जग भराभर मागं जातं. एक जण म्हणेल आभासी जास्त, दुसरा म्हणेल "मला कमी चालावं लागलं" आणि कमी हे बटण दाबेल. दोघांनाही बरोबर कळलेलं आहे, नोंद मात्र परस्परविरुद्ध. वक्रतेत तर आणखी गोंधळ, कारण काही जण दृश्य कुठं फिरलं ते सांगतात आणि काही जण आपण कुठं वळलो ते. म्हणून शरीराविषयी विचारा: "खोलीत तुमचे पाय डावीकडं वळले की उजवीकडं?" बटणांवर शब्दांबरोबर चित्रंही ठेवा.

तपासा: सरावात ०.५ आणि १.६ असे ढळढळीत गेन द्या आणि उत्तर बरोबर की चूक ते सांगा. लागोपाठ सहा बरोबर येईपर्यंत पुढं जाऊ नका. खऱ्या फेऱ्यांत मात्र बरोबर-चूक कधीही सांगायचं नाही, नाहीतर माणूस फेरीगणिक शिकत जातो.

## टप्पा ६ : पातळ्या आणि त्यांचा क्रम

ठरावीक पातळ्यांची पद्धत घेतलीत तर अंतरासाठी ०.६ ते १.४, दर ०.१ ला एक, अशा नऊ पातळ्या सोयीच्या. प्रत्येकी आठ वेळा म्हणजे ७२ फेऱ्या. ५ मीटरप्रमाणे जाताना ३६० मीटर आणि परत येताना जवळपास तेवढंच. एका बैठकीत हे जमतं, मध्ये दोनदा हेडसेट काढून बसायला दिलं तर. तिन्ही गेन एका दिवसात उरकायचा मोह टाळा.

क्रम यादृच्छिक हवा. सोप्याकडून अवघडाकडं गेलात तर शरीर वक्र चालीला सरावतं आणि शेवटच्या पातळ्या खोट्या सहज वाटतात. एकाच बाजूला लागोपाठ चार-पाच वळणं आली तरी हे होतं, म्हणून डावं-उजवं मिसळा.

पायऱ्यांची पद्धत, म्हणजे उत्तरानुसार पुढची पातळी वर-खाली करायची, फेऱ्या वाचवते. पण एकच जिना चालवला तर माणसाला त्याची चाल कळते. वरून उतरणारा आणि खालून चढणारा असे दोन जिने आलटून पालटून चालवा. दोन बरोबर उत्तरांना एक पायरी अवघड, एका चुकीला एक पायरी सोपी, हा नियम ७०.७ टक्के बरोबर उत्तरांच्या पातळीवर स्थिरावतो. तीन बरोबरला एक पायरी असा नियम ७९.४ वर. ७५ टक्क्यांच्या उंबरठ्याशी (टप्पा ८) यांची थेट तुलना करू नका.

## टप्पा ७ : मोजणीचा दिवस

आधी संमती. चालीत फेरफार होणार आहे, मळमळ होऊ शकते आणि कोणत्याही क्षणी थांबता येतं, हे स्वच्छ सांगा. प्रश्नच फेरफाराविषयी असल्यानं लपवण्यासारखं काही उरतही नाही.

मग त्रासाची प्रश्नावली. केनेडी आणि सहकाऱ्यांची १९९३ सालची सिम्युलेटर सिकनेस प्रश्नावली सर्वत्र चालते: १६ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ३. ती प्रयोगानंतरच भरून घेतात, इथं चूक होते. झोप न झालेला माणूस डोकेदुखी घेऊनच आलेला असतो. आधीही भरा, नंतरही भरा.

सावधान: न कळणं आणि न बाधणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फेरफार ओळखता न आलेल्या माणसालाही मळमळू शकतं. चेहरा पांढरा पडला, घाम आला, बोलणं कमी झालं की माणसानं सांगायची वाट पाहू नका, थांबवा. नंतर निदान अर्धा तास बसवून ठेवा आणि लगेच वाहन चालवू देऊ नका.

दोन फेऱ्यांच्या मधला वेळ बहुतेकांच्या आराखड्यात नसतोच. फेरी संपताच हेडसेट वर केला आणि माणसानं पाहिलं की आपण भलत्याच भिंतीपाशी आहोत, तर पुढच्या सगळ्या फेऱ्यांना उत्तरपत्रिका मिळाली. हेडसेट काढायचा नाही. पडदा एकरंगी करायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं, मग साध्या बाणांच्या मागं वळणावळणानं सुरुवातीच्या जागी आणायचं. सुरुवातीची जागा आणि तोंडाची दिशाही बदलत ठेवा.

शेवटी दोन मिनिटं गप्पा मारा: "तुम्ही उत्तर कशावरून देत होता?" पंखा, केबल, पावलं मोजणं, सगळं इथंच बाहेर येतं. हे उत्तर लिहून ठेवा.

## टप्पा ८ : वक्ररेषा काढा आणि तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका

प्रत्येक पातळीला "जास्त" उत्तरांचं प्रमाण काढून त्यातून इंग्रजी एस अक्षरासारखी रेषा बसवा. ५० टक्क्यांवरचा गेन म्हणजे माणसाला जो सारखा वाटतो तो. २५ आणि ७५ टक्क्यांवरचे दोन गेन म्हणजे उंबरठे. अंतरासाठी २०१० च्या अभ्यासात ते ०.८६ आणि १.२६ आले, आणि सारखा वाटणारा गेन १.०७. म्हणजे मधला बिंदू १ वर यायलाच हवा असं नाही.

वक्रतेतही तसंच. यान सौमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस सरळ जायचा प्रयत्न करत असतानाही कधी कधी जेमतेम २० मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरतो. प्रत्येकाचं शून्य थोडं डावं-उजवं असतं. ते जबरदस्तीनं शून्यावर आणू नका. डाव्या आणि उजव्या बाजूचा उंबरठा वेगळा काढा.

रेषा प्रत्येक माणसाची वेगळी बसवा, सरासरी नंतर. सगळ्यांची उत्तरं आधी एकत्र केली तर मधले बिंदू वेगवेगळे असल्यानं एकत्रित रेषा कोणत्याही एका माणसाच्या रेषेपेक्षा सपाट होते. सपाट रेषा म्हणजे दोन उंबरठ्यांमधलं अंतर फुगलेलं. असा सढळ आकडा घेऊन पुढं गेलात तर लोकांना फेरफार कळतो आणि तुम्हाला कळत नाही की चुकलं कुठं.

लक्ष उडून चुकून दाबलेली बटणं असतातच. त्यांच्यासाठी रेषेच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळीक ठेवा, काही टक्क्यांपर्यंत. नाहीतर टोकाच्या एका चुकीच्या उत्तरानं सगळा उतार वाकतो.

तपासा: सगळ्यात तीव्र पातळीला निदान ९० टक्के उत्तरं बरोबर आहेत का? नसतील तर पातळ्या अपुऱ्या आहेत किंवा प्रश्न समजलेला नाही. रेषा पूर्ण उलटी असेल तर बटणांची अदलाबदल झाली आहे. अशा माणसाला वगळायचं की नाही, हा नियम मोजणीच्या आधी लिहून ठेवा. आलेख पाहिल्यावर ठरवलेला नियम हवा तोच निकाल देतो.

## टप्पा ९ : आकडा वापरताना

७५ टक्के म्हणजे कुणालाच कळत नाही, असा अर्थ सर्रास घेतला जातो. हिशेब करून बघा. निम्म्या फेऱ्यांत माणसाला खरंच कळलं आणि उरलेल्या निम्म्यांत त्यानं अंदाज केला, तर अंदाजांतले अर्धे बरोबर येतात. ५० अधिक २५, झाले ७५. उंबरठ्यावर चालवलेला गेन दर दुसऱ्या फेरीला पकडला जाऊ शकतो.

म्हणून मी सरासरी उंबरठ्यावर काम करत नाही. सहभागींमधल्या सगळ्यात संवेदनशील माणसाचा आकडा घेतो आणि त्याच्याही आत राहतो. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर प्रयोगात माणूस फेरफार शोधतच चालत असतो. खेळात किंवा प्रशिक्षणात त्याचं लक्ष कामात असतं, तिथं त्याच फेरफाराकडं त्याचं लक्ष कमी जातं. पण ती सवलत गृहीत धरण्याआधी प्रत्यक्ष कामासह एक छोटी मोजणी करा.

चालताना मोजलेला उंबरठा दुसऱ्या युक्तीला लावू नका. पापणी मिटते त्या क्षणात दृश्य हलवण्याची पद्धत आहे. २०१८ च्या एका अभ्यासात तिथं ४ ते ९ सेंटिमीटर सरकणं आणि २ ते ५ अंश वळणं लोकांना कळलं नव्हतं. ते आकडे त्या क्षणापुरते आहेत.

निकाल कळवताना आकड्यासोबत एवढं तरी द्या: हेडसेट आणि त्याचं दृष्टिक्षेत्र किती अंशांचं, खोलीचं माप, चालीचं अंतर आणि सरासरी वेग, पातळ्या आणि आवर्तनं, किती जण वगळले आणि का, शेवटच्या गप्पांत कुणी कोणती खूण सांगितली, आणि सहभागींना विचारलेला प्रश्न, ज्या भाषेत विचारला त्याच भाषेत, शब्दशः.